कानातला आवाज आणि बाटलीतलं तेल



काष्टीच्या माणसाला पारख शिकवायला बाहेरून कुणी यायला नको. दर शनिवारी इथे जनावरांचा बाजार भरतो. बैलजोडी घ्यायला आलेला शेतकरी काय करतो? आधी बैलाचं तोंड उघडून दात बघतो. दोनदाती आहे, चारदाती आहे, की पुरा जुळलेला आहे? मग वशिंडावरून पाठीवर हात फिरवतो. मग चालवून बघतो, चारी पाय सारखे पडतात का ते पाहतो. विकणारा कितीही शपथा घेवो, स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय घेणारा विसार देत नाही.

आजच्या स्मृतिव्याख्यानाचा विषय बैलाचा नाही, कानाचा आहे. पण हा बाजार शेवटपर्यंत ध्यानात असू द्या, कारण प्रश्न पारखीचाच आहे.

प्रश्न असा. ज्यांच्या कानात रात्रंदिवस आवाज येत राहतो, त्यांना सीबीडी नावाच्या तेलाचा उपयोग होतो का? सीबीडी म्हणजे कॅनाबिडिओल. भांग आणि गांजा ज्या झाडापासून होतात, त्याच झाडातला हा एक घटक. मोबाइलवर त्याच्या जाहिराती येतात. झोपेसाठी, सांधेदुखीसाठी, चिंतेसाठी, आणि आता कानासाठीसुद्धा. छोटी काचेची बाटली, झाकणाला ड्रॉपर, जिभेखाली चार थेंब. किंमत अशी की महिन्याचा किराणा बाजूला ठेवावा लागतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची तळमळ बघून मुलं ती मागवतात. त्या मुलांची चूक काय? आईला झोप लागावी, एवढंच त्यांना हवं असतं. म्हणून या प्रश्नाचं उत्तर सरळ द्यायला हवं, आणि आधी हा आवाज म्हणजे काय ते नीट समजून घ्यायला हवं.

आपल्याकडे लोक म्हणतात, कान वाजतात. कुणी म्हणतं कानात रातकिडे ओरडतात, कुणी म्हणतं कुकरची शिट्टी थांबतच नाही, कुणाला लांबवर पिठाची गिरणी चालल्यासारखं वाटतं. वैद्यकात याला टिनिटस म्हणतात. आपल्या जुन्या वैद्यांना हा त्रास चांगला ठाऊक होता. सुश्रुतसंहितेत कानाचे अठ्ठावीस रोग मोजले आहेत, त्यांत कर्णनाद आहे आणि कर्णक्ष्वेडही आहे. नगारा, मृदंग, शंख यांच्यासारखा ऐकू येतो तो कर्णनाद, आणि बासरीसारखा बारीक सूर येतो तो कर्णक्ष्वेड, असा फरक पुढच्या ग्रंथांनी केला. रोग्याजवळ बसून, तो काय सांगतो ते कान देऊन ऐकल्याशिवाय असा बारकावा हाती लागत नाही.

हा त्रास थोड्याथोडक्यांचा नाही. २०२२ साली जगभरच्या अभ्यासांची एक मोठी बेरीज प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजानुसार मोठ्या माणसांपैकी सुमारे १४ टक्के लोकांना, म्हणजे ७४ कोटींहून अधिक जणांना, कधी ना कधी असा आवाज जाणवलेला आहे. त्यांपैकी १२ कोटींहून अधिक लोकांना तो फार छळतो. या सभागृहात दोनशे माणसं बसली असतील, तर पंचवीस-तीस जणांना आत्ता मनात वाटत असेल की हे आपल्याबद्दलच चाललं आहे.

हा आवाज येतो कुठून?

कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी आहे. तिच्यात केसासारखे तुरे असलेल्या सुमारे पंधरा हजार पेशी असतात. बाहेरचा आवाज या तुऱ्यांना हलवतो, आणि त्या हलण्याचा निरोप नसेवाटे मेंदूला जातो. पेशी इतक्या कमी आणि इतक्या नाजूक, आणि एकदा मेली की माणसाच्या कानात ती पुन्हा उगवत नाही. कोंबडीच्या कानात उगवते, माणसाच्या नाही. ट्रॅक्टरच्या इंजिनाशेजारी बसून वर्षानुवर्षं नांगरट करणारा, गळीत हंगामात साखर कारखान्यात मिलजवळ उभा राहणारा, मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर चार तास नाचणारा, या सगळ्यांच्या कानांतल्या पेशी थोड्या थोड्या मरत जातात. ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तास सोसावा, त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करावा, असा सुरक्षिततेचा हिशेब सांगतात. त्या हिशेबानं १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. पंधरा मिनिटांत मिरवणूक एका चौकातून दुसऱ्या चौकातही पोचत नाही.

पेशी मेल्या की मेंदूकडे येणारे निरोप कमी होतात. मग मेंदू काय करतो? रेडिओवर स्टेशन नीट लागत नसलं की आपण आवाज वाढवतो, तसंच काहीसं तो करतो. वाढवलेल्या आवाजात खरखर येते. ती खरखर म्हणजेच हा नाद. म्हणून बहुतेकांच्या बाबतीत आवाज जाणवतो कानात, पण तो टिकवून धरलेला असतो मेंदूनं. याचा मोठा पुरावा असा की काही रोग्यांची ऐकण्याची नस शस्त्रक्रियेत कापली गेली, कान पूर्ण बहिरा झाला, तरी आवाज थांबला नाही. पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या पायाची बोटं दुखतात, तसंच हे.

एक जुना प्रयोग इथे सांगायलाच हवा. १९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या दोघांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना पाच-पाच मिनिटं आवाजबंद खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते लिहायला सांगितलं. ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज लिहिला. गुणगुण, शिट्टी, धडधड. खोलीत तर काहीच वाजत नव्हतं. म्हणजे ही खरखर थोडीफार सगळ्यांच्यात असते, बाहेरच्या गलबल्यात ती बुडून जाते इतकंच. काहींच्या बाबतीत मात्र मेंदू त्या आवाजाला धोका समजून बसतो आणि त्याच्यावर पहारा ठेवतो. पहारा ठेवला की तो आणखी मोठा वाटतो. मोठा वाटला की झोप जाते. झोप गेली की काळजी वाढते, आणि काळजीनं पहारा आणखी कडक होतो. हे चक्र लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

इथे थोडं आडवाटेला जायला हवं. आपला तालुका शेख महंमदांचा. श्रीगोंद्याच्या या संतानं ‘योगसंग्राम’ लिहिला. वारकरी आणि योगमार्गी परंपरेत अनाहत नाद हा मोठ्या साधनेचा शब्द आहे. त्यामुळे कधी कधी असं होतं की एखाद्या आजोबांच्या कानात आवाज येऊ लागतो आणि घरचे म्हणतात, हा अनाहत नाद, हे तर भाग्य. साधनेबद्दल पूर्ण आदर ठेवून एक विनंती आहे. आधी कान तपासून घ्या. कानात मळाचा गठ्ठा असेल, पडद्याला भोक असेल, रक्तदाब वाढला असेल, तर ते तपासल्यानं साधनेत काहीच उणं येत नाही.

आता त्या झाडाकडे वळू. काष्टीतल्या श्रोत्यांना हे झाड परकं नाही, आणि या जिल्ह्यालाही नाही. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात ज्या जिल्ह्यांत परवान्यानं गांजाचं पीक घेतलं जाई, त्यांत आपल्या नगर जिल्ह्याचं नाव होतं. या पिकाचे आणि व्यसनाचे परिणाम तपासायला १८९३ साली सरकारनं एक आयोग नेमला. सात सभासद होते, त्यांत तीन हिंदी. त्यांनी देशभर फिरून ११९३ साक्षी घेतल्या. अधिकाऱ्यांना विचारलं, वैद्य-डॉक्टरांना विचारलं, वेड्यांच्या इस्पितळांची दप्तरं उघडून पाहिली. आणि निष्कर्ष काढला की बेतानं घेणाऱ्यांचं फारसं नुकसान दिसत नाही, अतिरेक करणाऱ्यांचं होतं, सरसकट बंदी योग्य नाही. निष्कर्ष कुणाला पटो न पटो, पण ऐकीव गोष्ट तपासायची कशी, याचा तो एक धडा होता. कारण त्या काळी वेड्यांच्या इस्पितळांत बरेच रोगी ‘गांजामुळे वेड’ या कारणाखाली नोंदलेले असत. आयोगानं एकेक नोंद तपासली, तेव्हा त्यांतल्या पुष्कळांना काही आधारच नव्हता.

त्याच्याही आधी, १८३९ साली, कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातले ओशॉनेसी नावाचे डॉक्टर या झाडाच्या औषधावर लिहीत होते. त्यांनी आधी जनावरांवर प्रयोग केले, मग रोग्यांवर. त्यांच्या रोग्यांत आकडी येणारं एक तान्हं बाळही होतं. आकडीचा हा धागा महत्त्वाचा आहे, कारण सीबीडीची आजची सगळी प्रतिष्ठा त्यावरच उभी आहे.

सीबीडी हा घटक १९४० साली अमेरिकेत रॉजर अ‍ॅडम्स यांच्या प्रयोगशाळेत वेगळा काढला गेला. त्याची नेमकी रचना १९६३ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम यांनी शोधली. पुढच्याच वर्षी नशा आणणारा घटक टीएचसी सापडला. म्हणजे एकाच झाडात दोन भाऊ: टीएचसी झिंग आणतो, सीबीडी आणत नाही. १९९२ साली मेशुलाम यांच्याच प्रयोगशाळेत कळलं की आपला मेंदू स्वतःच या जातीचं एक रसायन बनवतो. त्याला नाव दिलं आनंदामाइड. संस्कृतातला आपला आनंद हा शब्द जेरुसलेमच्या प्रयोगशाळेत जाऊन बसला.

१९८० साली ब्राझीलमध्ये आकडीच्या पंधरा रोग्यांवर चाचणी झाली. आठ जणांना सीबीडी, सात जणांना लटकं औषध. सीबीडी घेतलेल्या आठांपैकी चौघांच्या आकड्या जवळपास थांबल्या. लटकं औषध घेतलेल्या सातांपैकी एकालाच बरं वाटलं. एवढा चांगला निकाल, पण रोगी पंधराच. म्हणून मोठ्या चाचण्यांची वाट बघावी लागली. २०१७ साली ड्रॅव्हे सिंड्रोम नावाच्या, मुलांना छळणाऱ्या कठीण आजारावरच्या चाचणीचा निकाल आला. १२० मुलं होती. सीबीडी घेणाऱ्या मुलांच्या आकड्या महिन्याला मध्यकानं १२.४ वरून ५.९ वर आल्या. लटकं औषध घेणाऱ्यांच्या १४.९ वरून १४.१ वर. पुढच्या वर्षी, जून २०१८ मध्ये, अमेरिकेच्या औषध नियामकानं एपिडिओलेक्स या नावाच्या सीबीडीच्या औषधाला मान्यता दिली.

हा आकडा हातात घट्ट धरून ठेवा. १२.४ वरून ५.९. चालवून बघितलेला बैल कसा असतो, ते यातून दिसतं. कुणी शपथा घेतल्या नाहीत. कुणाला औषध मिळतंय हे आईबापांनाही माहीत नव्हतं आणि डॉक्टरांनाही. आकड्या मोजल्या आणि मग सांगितलं.

मग कानाचं काय?

आशा कुठून आली ते आधी पाहू, कारण ती काही वेड्याची आशा नाही. आकडी म्हणजे मेंदूतल्या पेशींचा बेसुमार गलका. टिनिटस म्हणजेही ऐकण्याच्या वाटेवरच्या पेशींचा गलका. तिकडे सीबीडी गलका शांत करतं, मग इकडे का करणार नाही? शिवाय ऐकण्याच्या वाटेवर मेंदूत ज्या चौक्या आहेत, तिथे या झाडाच्या घटकांना धरणारे ग्राहक-रेणू आहेत हेही दिसलं होतं. तर्क सुंदर होता. पण याच तर्कानं आकडीवरची इतर औषधं कर्णनादाला आधीच देऊन पाहिली होती. २०११ साली कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यात त्या सगळ्या चाचण्या एकत्र केल्या गेल्या, आणि मोठा फायदा दिसला नाही. आकडी आणि कर्णनाद यांचं दुरून दिसणारं साम्य जवळ गेल्यावर तितकंसं टिकलं नव्हतं.

मग न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात पॉल स्मिथ आणि यीवेन झेंग यांच्या गटानं उंदरांवर काम केलं. उंदराचा कान वाजतो हे कळणार कसं? त्याला विचारता तर येत नाही. त्यासाठी उंदराला सवय लावतात की आजूबाजूचा आवाज बंद होऊन शांतता झाली की पाणी चाटणं थांबवायचं. ज्याचा कान वाजतो त्याला पुरी शांतता कधी मिळतच नाही, म्हणून तो वेगळा वागतो. हे ऐकताना त्या मुक्या जिवाबद्दल वाईट वाटतं. पण त्याच्या वागण्यातून माणसाला जे कळलं ते मोलाचं आहे.

२०१० साली या गटानं या झाडाच्या घटकांसारखं काम करणारी दोन बनावट रसायनं तपासली. त्रास कमी झाला नाही, उलट वाढल्यासारखा दिसला. २०१५ साली मोठ्या आवाजानं कान दुखावलेल्या उंदरांना टीएचसी आणि सीबीडी समान प्रमाणात मिसळून दिलं. कान वाजणाऱ्या उंदरांची संख्या घटली नाही, वाढली. २०१७ साली इंग्लंडमध्ये गिनिपिगवर अशाच जातीचं आणखी एक रसायन तपासलं गेलं, त्याचा कर्णनादावर काहीच परिणाम दिसला नाही.

इथे न्यायानं बोललं पाहिजे. २०१५ च्या प्रयोगात मिश्रण होतं, नुसतं सीबीडी नव्हतं. मात्रा लहान होती. उंदीर माणूस नाही. म्हणून सीबीडीनं कान बिघडतो, असं यावरून कुणी म्हणू नये. पण सीबीडीनं कान सुधारतो, असंही कुणी म्हणू शकत नाही, आणि जाहिरात तेच म्हणते.

माणसांबद्दल काय माहिती आहे? अमेरिकेतल्या एका मोठ्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतले सुमारे २७०० प्रौढ घेऊन २०२० साली हिशेब मांडला गेला. नेमानं गांजा ओढणाऱ्यांत कर्णनाद जास्त आढळला. आता, गांजानं कान वाजला, की कान वाजतो म्हणून माणूस गांजाकडे गेला? पाहणीतून ते कळत नाही, आणि कळतं असं सांगणं अप्रामाणिक ठरेल. कॅनडात कर्णनादाच्या ४५ रोग्यांना विचारलं गेलं, उपाय म्हणून या झाडाचा विचार कराल का? जवळजवळ सगळ्यांनी हो म्हटलं. या एका उत्तरात किती तहान आहे बघा. माणसं इतकी थकलेली आहेत की कुणीही काहीही पुढे केलं तरी हात पुढे येतो. पण सीबीडी एका गटाला आणि लटकं औषध दुसऱ्या गटाला देऊन, मोजून, कर्णनाद कमी झाला असं दाखवणारी भक्कम चाचणी आजवर समोर आलेली नाही. अमेरिकेच्या नियामकानं ज्या आजारांसाठी हे औषध मान्य केलं, ते सगळे आकडीचे आजार आहेत. त्यांत कान नाही.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं आजचं उत्तर: उपयोग होतो असं म्हणायला आधार नाही.

कुणी म्हणेल, ठीक आहे, आधार नसेना. घेऊन बघायला काय जातं? हा प्रश्न बाजारातला आहे, आणि त्याचं उत्तरही बाजारातच शोधावं लागेल. बाटलीत काय आहे?

२०१७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी इंटरनेटवर विकली जाणारी सीबीडीची ८४ उत्पादनं विकत घेऊन तपासली. लेबलावर लिहिलं तितकंच सीबीडी किती बाटल्यांत निघालं? फक्त २६. म्हणजे दहातल्या तीन. काहींत कमी, बऱ्याचशांत जास्त. आणि १८ बाटल्यांत टीएचसी सापडलं, म्हणजे झिंग नको म्हणून जो सीबीडी घेतो, त्याच्याच जिभेखाली झिंगेचा घटक. दात दाखवले चारदाती बैलाचे आणि दावणीला बांधला भलताच.

आपल्याकडे आणखी एक घोळ आहे. भांगेच्या बियांचं तेल. नोव्हेंबर २०२१ मध्ये आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं भांगेचं बी, त्याचं तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून परवानगी दिली, काही अटींवर. त्यांतली एक अट अशी की अशा अन्नात किलोमागे ७५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त सीबीडी नसावं. बियांचं तेल स्वयंपाकाला चांगलं असेल, त्यात चांगली स्निग्धाम्लं असतील, पण ते सीबीडीचं औषध नव्हे. बाटलीवर त्या झाडाचं पान छापलेलं असलं की दोन्ही सारखीच दिसतात. आता हिशेब करा. आकडीच्या औषधाची मात्रा रोजची, शरीराच्या दर किलोला १० ते २० मिलिग्रॅम असते. साठ किलोच्या माणसाला दिवसाला ६०० ते १२०० मिलिग्रॅम. बियांच्या तेलातून ६०० मिलिग्रॅम मिळवायचं तर कायद्यानं चालेल तेवढं सीबीडी असलेलं तेलसुद्धा दिवसाला आठ किलो प्यावं लागेल. आणि जाहिरात सांगते, चार थेंब.

कायद्याचीही थोडी माहिती हवी. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसतं पान, ज्याची भांग होते, ते त्या व्याख्येबाहेर राहिलं. म्हणून पानापासून केलेली आयुर्वेदिक औषधं ‘विजया’ या जुन्या नावानं परवान्याखाली बनतात. मात्र आयुर्वेदाच्या विषारी द्रव्यांच्या सरकारी यादीत भांग आहे, म्हणून ती वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. महाराष्ट्रात भांगेवर दारूबंदी कायद्याचंही बंधन आहे. मुंबईत २०१३ साली तरुणांनी सुरू केलेल्या बॉम्बे हेम्प कंपनीत रतन टाटा यांनी पैसे गुंतवले होते. म्हणजे हा व्यवसाय चोरवाटेचा आहे असं समजू नये. पण व्यवसाय कायदेशीर असणं एक, आणि एका विशिष्ट आजारावर औषध लागू पडणं दुसरं. १९५४ चा जादूई उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा तर बहिरेपणावर औषध म्हणून जाहिरात करायलाच मनाई करतो. मोबाइलवर समोर येणारी जाहिरात हा कायदा वाचून केलेली नसते.

आणि घेऊन बघायला काय जातं, याचं सगळ्यात गंभीर उत्तर औषधांच्या डब्यात आहे. आपलं यकृत ज्या वाटेनं पुष्कळ औषधं पचवतं, ती वाट सीबीडी अडवतं. रक्त पातळ ठेवायची वॉरफरीन घेणाऱ्याच्या अंगात ते औषध जास्त साठू शकतं आणि रक्तस्राव होऊ शकतो. आकडीच्या काही गोळ्यांबरोबर यकृताला त्रास होतो. कर्णनादाचा रोगी बहुतेकदा साठीच्या पुढचा असतो. साठीच्या पुढच्या माणसाच्या उशाशी कधी एकच गोळी असते का?

पण सभागृहात कुणीतरी असं असेल, किंवा कुणाच्या नात्यात असेल, की ज्यानं हे तेल घेतलं आणि त्याला बरं वाटलं. त्याला खोटं ठरवायचं नाही. झोप लागली असेल. मन थोडं निवलं असेल. मघाशी सांगितलेलं चक्र आठवा: आवाज, पहारा, जागरण, काळजी. ते चक्र कुठेही थोडं सैल पडलं की आवाज सुसह्य वाटतो. आवाज तितकाच असतो, पहारा थोडा उठलेला असतो. शिवाय कर्णनाद दिवसागणिक कमी-जास्त होतच असतो. माणूस औषध घेतो ते सगळ्यात वाईट दिवशी, आणि सगळ्यात वाईट दिवसानंतर येणारा दिवस बहुधा थोडा बरा असतो. श्रेय बाटलीला जातं. कर्णनादाच्या चाचण्यांत लटक्या गोळीनंसुद्धा पुष्कळांना बरं वाटतं, म्हणून तर तुलनेशिवाय या आजारात काहीच ठरवता येत नाही.

तर मग या माणसांना रिकाम्या हातानं परत पाठवायचं का? मुळीच नाही. या व्याख्यानातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता येते, आणि ती विकायला कुणी तुमच्या मोबाइलवर येत नाही, म्हणून ती इथून मोठ्यानं सांगायला हवी.

सीबीडी आणि सीबीटी. शेवटच्या अक्षराचा फरक. सीबीटी म्हणजे विचारांची आणि वागण्याची सवय बदलायची एक शिस्तबद्ध समुपदेशनाची पद्धत. आवाज आला की ‘आता आपलं काही खरं नाही’ हा विचार कसा उठतो, त्यानं छाती कशी धडधडते, माणूस शांत खोली, समारंभ, कीर्तन सगळं टाळत कसा जातो, हे एकेक उलगडून, थोडं थोडं बदलायचं. २०२० साली कोक्रेन संस्थेनं अशा २८ अभ्यासांचा, २७३३ लोकांचा, आढावा घेतला. उपचार संपता संपता कर्णनादाचा जगण्यावरचा जाच कमी झालेला दिसला. आवाज नाहीसा होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण माणूस आवाजासकट जगू लागतो, जेवू लागतो, झोपू लागतो.

दुसरी गोष्ट कानाचं मशीन. आपल्याकडे चष्मा लागला तर कुणी लपवत नाही, पण कानाचं मशीन म्हटलं की माणूस खिशात ठेवतो. ज्याला कमी ऐकू येतं आणि कानही वाजतो, त्याच्या कानाला मशीननं बाहेरचे आवाज पुन्हा मिळाले की मेंदूला रेडिओ वाढवायची गरज उरत नाही, आणि खरखर पुष्कळदा मागे पडते. आजी सुनेचं बोलणं ऐकू लागते, नातवाची गोष्ट ऐकू लागते, आणि कानातल्या रातकिड्याकडे तिचं लक्ष जात नाही.

तिसरी गोष्ट रात्रीची. दिवसभर गोंगाट असतो तेव्हा हा नाद जाणवत नाही, दिवा मालवला की तो खोली भरून टाकतो. म्हणून पुरी शांतता शोधू नका. पंखा चालू ठेवा, रेडिओ अगदी हळू लावून ठेवा, पावसाच्या किंवा वाहत्या पाण्याच्या आवाजाची ध्वनिफीत लावा. नाद पूर्ण बुडेल इतका मोठा नको, त्याच्या शेजारी बसेल इतका पुरे. आणि तरुणांनो, डीजेसमोर उभं राहायचंच असेल तर कानात बोळे घाला. साधे फोमचे बोळे औषधाच्या दुकानात मिळतात. मळणी यंत्रावर, ग्राइंडरवर, ट्रॅक्टरवर काम करणाऱ्यांनीही ते खिशात ठेवावेत.

काही खुणा दिसल्या तर मात्र थांबायचं नाही. एकाच कानात आवाज येतो; नाडीबरोबर ठोके पडल्यासारखा येतो; एका रात्रीत अचानक कान बंद पडतो; बरोबर चक्कर येते किंवा तोंड एका बाजूला वाकडं होतं. यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. अचानक बहिरेपणावर स्टिरॉइडचा उपचार पहिल्या काही दिवसांतच कामाचा असतो. ते दिवस तेलाच्या थेंबांत घालवले तर कान परत येत नाही. एरवीच्या कर्णनादालाही एकदा तपासणी हवीच. बहिरेपणा रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ पासून चालू आहे, ऐकण्याची चाचणी जिल्हा पातळीवर व्हावी हा त्याचा हेतू आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून या कामासाठीच उभी आहे. गरजूंना मशीन मिळण्याच्या सरकारी योजनाही आहेत, चौकशी करायला संकोच करू नका.

उद्या सीबीडीची खरी चाचणी झाली, तीन-चारशे रोगी घेतले, नुसतं सीबीडी दिलं, ठरलेली मात्रा दिली, लटक्या औषधाशी तुलना केली, आणि कर्णनादाचा जाच खरोखर घटला, तर याच व्यासपीठावरून पुढच्या एखाद्या वर्षी कुणीतरी आनंदानं ते सांगावं. ब्राझीलच्या पंधरा रोग्यांपासून २०१८ च्या मान्यतेपर्यंत अडतीस वर्षं गेली. कानाच्या बाबतीत ती वाट अजून धड सुरूही झालेली नाही.

तोवर घरी एक काम करा. ज्यांचे कान वाजतात त्यांना डॉक्टरकडे नेताना त्यांच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत भरा. रक्तदाबाच्या, साखरेच्या, सांध्यांच्या, सगळ्या. अ‍ॅस्पिरिनसारखी काही औषधं जास्त मात्रेत घेतली तर स्वतःच कान वाजवतात, क्षयरोगावरची काही जुनी इंजेक्शनं तर कान कायमचा दुखवतात, म्हणून डॉक्टरला हे सगळं दिसायला हवं. आणि उशीखाली ती काचेची बाटली असेल तर न लाजता तीही त्या पिशवीत टाका.